व्हिडिओ संकलनाची साठवण : हार्ड डिस्क आणि ‘रेड’ रचनेची निवड

अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या ॲनिमेशनपटाचे काम सुरू असताना संगणकाला चुकून दिल्या गेलेल्या एका आज्ञेमुळे चित्रपटाच्या फायली एकापाठोपाठ एक पुसल्या जाऊ लागल्या. सर्व्हर बंद करण्यात आला, तोपर्यंत बहुतांश काम नाहीसे झाले होते. राखीव प्रती घेण्याची व्यवस्था संस्थेत होती. परंतु ती काही आठवड्यांपासून नीट चालत नसल्याचे नेमके त्याच वेळी लक्षात आले. अखेर चित्रपटाच्या तंत्रविभागाच्या प्रमुख गेलिन सस्मन यांच्या घरच्या संगणकावरील प्रत कामी आली. बाळंतपणानंतर त्या घरून काम करीत असल्याने ती प्रत त्यांच्याकडे होती. तो संगणक मोटारीतून अत्यंत जपून संस्थेत आणण्यात आला आणि काम पुढे सुरू झाले. चित्रपट नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रदर्शित झाला.

या घटनेत एकही डिस्क बिघडलेली नव्हती, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

व्हिडिओ संकलन आता केवळ मोठ्या स्टुडिओंपुरते मर्यादित राहिलेले नाही. माहितीपट करणारे लहान गट, विवाह समारंभांचे चित्रीकरण करणारे व्यावसायिक, नाट्यप्रयोगांचे ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्या संस्था, शैक्षणिक वाहिन्या आणि आपल्या गावच्या जत्रेचे चित्रण जपू पाहणारे हौशी कलावंत अशा सर्वांसमोर एकच प्रश्न उभा राहतो : एवढे चित्रण ठेवायचे कोठे आणि कसे? बाजारात मिळणारे उत्तर बहुधा ‘चार डिस्कची पेटी घ्या आणि रेड लावा’ असे असते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. रेड रचना काम थांबू देत नाही. चित्रण मात्र ती एकटी वाचवू शकत नाही. हा फरक समजून घेऊन खरेदी केल्यास खर्चही आटोक्यात राहतो आणि पुन्हा कधीही न घडणारा क्षण कायमचा हातचा जाण्याची वेळ येत नाही.

खरेदीपूर्वी हिशेब

कोणती डिस्क घ्यावी, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आपल्या चित्रणाला सेकंदाला किती माहितीचा प्रवाह लागतो आणि एकूण किती जागा लागते, हा आहे.

एकेकाळी बहुतेकांच्या वापरात असलेल्या डीव्ही पद्धतीत एका तासाच्या चित्रणाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागत असे. आजचे चित्र वेगळे आहे. भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटी ही पद्धत रूढ आहे. या गतीने फोर-के आकारातील चित्रण ‘प्रोरेस ४२२ एचक्यू’ या संकलनयोग्य स्वरूपात ठेवल्यास त्याचा प्रवाह सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट, म्हणजे जवळपास ९२ मेगाबाइट इतका असतो. एका तासाला सुमारे ३३२ गिगाबाइट जागा त्यासाठी लागते.

समजा, एका माहितीपटासाठी असे ३० तासांचे चित्रण झाले आहे. केवळ मूळ चित्रण सुमारे १० टेराबाइट होते. संकलनासाठी तयार केलेल्या हलक्या प्रती, ध्वनी, चित्रलेखन आणि अंतिम फायली यांसाठी आणखी ३० टक्के धरल्यास १३ टेराबाइट होतात. डिस्क काठोकाठ भरल्यावर तिचा वेग घसरतो. त्यामुळे किमान पाचवा हिस्सा मोकळा ठेवणे इष्ट ठरते. म्हणजेच या एका प्रकल्पासाठी सुमारे १६ टेराबाइटची वापरण्याजोगी जागा हवी.

येथे एक नेहमीचा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. उत्पादक एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट असे मोजतात, तर विंडोज प्रणाली १,०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ८ टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे ७.२८ इतकीच दिसते. यात फसवणूक नाही. मात्र हिशेब करताना ही तफावत ध्यानात ठेवावी.

वेगाचा विचार करताना चित्रणाचे स्वरूपही पाहावे लागते. अनेक कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ या दाट दाबलेल्या स्वरूपात सेकंदाला १०० ते १५० मेगाबिट या प्रवाहाने चित्रण करतात. हा प्रवाह सेकंदाला अवघा १२ ते १९ मेगाबाइट भरतो आणि साधी डिस्कही तो सहज पेलते. अशा वेळी पडद्यावरील चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो. दाबलेले चित्र उलगडताना प्रक्रियकावर पडणारा ताण त्याला कारणीभूत असतो. तेथे महागडी रेड पेटी घेऊन उपयोग होत नाही. संकलनासाठी हलक्या प्रती तयार करणे हाच स्वस्त आणि परिणामकारक उपाय ठरतो.

डिस्क कोणती निवडावी

पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या फिरत असतात आणि त्यांवरून वाचक-शीर्ष सरकत असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी आजची मोठी डिस्क तबकडीच्या बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे २५० मेगाबाइट वाचू शकते. आतील बाजूस हा वेग जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांचे चित्रण पाहायचे असल्यास शीर्षाला तीन ठिकाणी सतत ये-जा करावी लागते. वर उल्लेखिलेल्या प्रोरेस चित्रणाचे तीन प्रवाह म्हणजे सेकंदाला २७६ मेगाबाइट होतात. एकट्या डिस्कला हे झेपत नाही. अनेक डिस्क एकत्र जोडण्याची गरज येथूनच सुरू होते.

एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेल्या साठवणीत ही ये-जा नसते. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट, तर एनव्हीएमई प्रकारची एसएसडी ३,००० मेगाबाइट किंवा त्याहून अधिक वेग देते. तथापि, प्रत्येक टेराबाइटमागे तिची किंमत हार्ड डिस्कपेक्षा बरीच जास्त असते. कमी किमतीच्या काही एसएसडी सुरुवातीला वेगाने लिहितात. पण सलग शेकडो गिगाबाइट उतरवू लागल्यास त्यांचा राखीव वेगवान भाग भरतो आणि वेग एकदम खाली येतो. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठीही हे साधन योग्य नाही. घरगुती वापराच्या एसएसडीने आपले लेखन-आयुष्य पूर्ण वापरल्यानंतर, ३० अंश सेल्सिअस तापमानात, विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा या क्षेत्रातील प्रमाण मानकात ठेवण्यात आली आहे. म्हणून सध्याचे काम एसएसडीवर आणि संपूर्ण साठा हार्ड डिस्कवर, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

हार्ड डिस्क घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे लेखनपद्धती. ‘सीएमआर’ पद्धतीत माहितीच्या पट्ट्या एकमेकींशेजारी स्वतंत्र असतात. ‘एसएमआर’ पद्धतीत त्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर अधिक माहिती मावते. पण मधले एक कौल बदलायचे झाल्यास त्यावर चढलेली पुढची कौलेही उचलावी लागतात, तसे येथे एक पट्टी बदलताना शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. सलग मोठे लेखन सुरू असताना अशा डिस्कचा वेग फार घसरतो आणि रेड रचनेची पुनर्बांधणी रेंगाळते. रेड पेट्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्ये हीच पद्धत ग्राहकांना न सांगता वापरण्यात आल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते. त्यानंतर उत्पादकांनी कोणत्या डिस्कमध्ये कोणती पद्धत आहे, याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. संकलनासाठी आणि रेडसाठी सीएमआर डिस्कच घ्यावी आणि प्रतिकृतीचा क्रमांक उत्पादकाच्या यादीशी ताडून पाहावा.

दुसरी गोष्ट डिस्कच्या वर्गाची. घरगुती संगणकाची डिस्क वाचता न येणाऱ्या भागावर दीर्घकाळ प्रयत्न करीत राहते. एकटी असताना तिचा हा चिवटपणा उपकारक असतो. मात्र रेड नियंत्रक तेवढा वेळ थांबत नाही. डिस्क निकामी झाल्याचे समजून तो तिला रचनेबाहेर काढतो. नेटवर्क साठवणीसाठी किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या डिस्क काही सेकंदांतच प्रयत्न सोडतात आणि उरलेले काम नियंत्रकावर सोपवतात. एका पेटीत अनेक डिस्क फिरत असताना निर्माण होणारी कंपनेही त्या अधिक चांगल्या रीतीने सहन करतात. या डिस्कना बहुधा तीन ते पाच वर्षांची हमी मिळते. हमीमुळे नवी डिस्क मिळते, त्यावरील चित्रण मिळत नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. परदेशातून परस्पर आलेल्या डिस्कना भारतात हमी लागू नसण्याचीही शक्यता असते. त्यामुळे खरेदीच्या वेळीच अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर पडताळून घ्यावा.

‘रेड’ म्हणजे काय

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या संशोधकांनी १९८८ मध्ये एक शोधनिबंध सादर केला. मोठ्या संगणकांना लागणाऱ्या एकाच महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्कचा समूह वापरावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. डिस्क अनेक झाल्या की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून माहितीचा काही अंश अतिरिक्त स्वरूपात ठेवून बिघाड भरून काढण्याच्या पाच पातळ्या त्यांनी मांडल्या. ‘रिडंडंट ॲरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ हे नाव रूढ झाले. पुढे उद्योगजगताने ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे स्वस्त या शब्दाच्या जागी ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र हा शब्द आणला.

यातील मध्यवर्ती कल्पना सोपी आहे. समजा, तीन डिस्कवर ७, ५ आणि ९ हे आकडे लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. दुसरी डिस्क बिघडली, तर २१ मधून ७ आणि ९ वजा करून हरवलेला ५ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांची एक वेगळी तार्किक क्रिया केली जाते आणि हा ताळ्याचा आकडा सर्व डिस्कवर आळीपाळीने विखरून ठेवला जातो. तत्त्व मात्र हेच आहे.

कोणती पातळी कोणासाठी

प्रत्येकी ८ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या आहेत, असे गृहीत धरून निरनिराळ्या पातळ्यांची तुलना करता येईल.

रेड ० : माहिती चारही डिस्कवर वाटून लिहिली जाते. संपूर्ण ३२ टेराबाइट जागा मिळते आणि वेगही सर्वाधिक असतो. संरक्षण मात्र शून्य. कोणतीही एक डिस्क बिघडली की चारही डिस्कवरील माहिती निरुपयोगी होते. बॅकब्लेझ ही अमेरिकेतील साठवण सेवा कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी प्रसिद्ध करीत आली आहे. अलीकडच्या वर्षांत हे वार्षिक प्रमाण साधारणतः एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान राहिले आहे. दीड टक्का धरला, तरी चार डिस्कच्या रेड ० रचनेला वर्षभरात सुमारे ६ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे २६ टक्के धोका संभवतो. ज्याची प्रत अन्यत्र आहे, अशा तात्पुरत्या फायलींसाठीच ही पातळी वापरावी.

रेड १ : दोन डिस्कवर एकच माहिती लिहिली जाते. जागा निम्मी होते. पण रचना साधी आणि भरवशाची असते. एकट्या संकलकाच्या लहान कामांसाठी, प्रकल्पाच्या फायली आणि ध्वनी यांच्यासाठी ती पुरेशी आहे.

रेड ५ : चार डिस्कवर २४ टेराबाइट जागा मिळते आणि कोणतीही एक डिस्क बिघडली तरी काम सुरू राहते. वाचनाचा वेग चांगला असतो. बारीकसारीक लेखन मात्र ताळा पुन्हा मांडावा लागत असल्याने मंदावते. व्हिडिओ फायली मोठ्या आणि सलग असल्याने संकलनात ही उणीव फारशी जाणवत नाही. मध्यम आकाराच्या कामांसाठी ही रचना दीर्घकाळ लोकप्रिय आहे.

रेड ६ : ताळ्याचे दोन स्वतंत्र संच ठेवले जातात. जागा १६ टेराबाइट मिळते आणि कोणत्याही दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती वाचते. सहा, आठ किंवा त्याहून अधिक मोठ्या डिस्कच्या पेटीसाठी हीच पातळी योग्य समजली जाते.

रेड १० : डिस्कच्या जोड्या करून प्रत्येक जोडीत एकच माहिती लिहिली जाते आणि कामाची वाटणी जोड्यांमध्ये होते. येथेही जागा १६ टेराबाइट. लेखनाचा वेग चांगला आणि पुनर्बांधणी जलद. परंतु एकाच जोडीतील दोन्ही डिस्क गेल्यास सर्व माहिती जाते.

आपल्या उदाहरणातील १६ टेराबाइटच्या गरजेसाठी रेड ५ मध्ये पुरेशी मोकळीक राहते. रेड ६ आणि रेड १० मध्ये ही गरज जेमतेम भागते. त्यामुळे या दोन पातळ्या हव्या असल्यास अधिक मोठ्या डिस्क किंवा पाच-सहा खणांची पेटी घेणे शहाणपणाचे ठरेल.

पेटी संगणकाला कोणत्या मार्गाने जोडली आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. टाकी मोठी आणि नळ बारीक असेल, तर पाणी नळाच्याच मापाने येते. साध्या गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट इतकीच माहिती येऊ शकते. म्हणजे वरील प्रोरेस चित्रणाचा जेमतेम एक प्रवाह त्यातून जातो. १० गिगाबिट नेटवर्कवर हा वेग सेकंदाला हजार मेगाबाइटच्या आसपास पोहोचतो. दोन-तीन संकलकांनी एकाच साठ्यावर काम करायचे असल्यास हा खर्च टाळता येत नाही. एकट्याने काम करणाऱ्यास यूएसबी किंवा थंडरबोल्टने थेट जोडलेली पेटी पुरते.

डिस्क बिघडते तेव्हा

रेड रचनेची खरी कसोटी बिघाडानंतर लागते. निकामी डिस्क काढून नवी बसवली की उरलेल्या डिस्क वाचून तिच्यावरील माहिती पुन्हा मांडली जाते. सेकंदाला २०० मेगाबाइट हा वेग अखंड मिळाला, तरी ८ टेराबाइटच्या डिस्कला ११ तासांहून अधिक आणि १६ टेराबाइटच्या डिस्कला २२ तासांहून अधिक वेळ लागतो. याच काळात संकलन सुरू ठेवल्यास तो कित्येक पटींनी वाढू शकतो.

या तासांमध्ये रेड ५ रचनेला कोणतेही संरक्षण उरलेले नसते. नेमक्या याच वेळी उरलेल्या डिस्कवर सर्वाधिक ताण असतो. शिवाय त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच वयाच्या असतात. घरगुती वर्गातील अनेक डिस्कच्या तपशीलपत्रात दर १२.५ टेराबाइट वाचनामागे एखादी वाचनत्रुटी संभवते, अशी मर्यादा दिलेली असते. आपल्या उदाहरणात पुनर्बांधणीसाठी २४ टेराबाइट वाचावे लागणार आहेत. प्रत्यक्षात डिस्क या मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या चालतात. तरीही अवलंबून राहावे असा हा भरवसा नव्हे. त्यामुळे मोठ्या डिस्कसाठी रेड ६ ची शिफारस केली जाते.

यासाठी काही साध्या दक्षता घेता येतात. डिस्क शक्यतो वेगवेगळ्या उत्पादन-तुकड्यांतील घ्याव्यात. त्याच आकाराची एक जास्तीची डिस्क आधीच आणून ठेवावी. पेटी लाल दिवा दाखवू लागल्यावर बाजारात शोधाशोध करण्यात दिवस जातात. महिन्यातून एकदा संपूर्ण साठा वाचून तपासण्याची सोय बहुतेक पेट्यांत असते, ती सुरू ठेवावी. बिघाडाची सूचना ई-मेलने मिळेल अशी व्यवस्था करावी, कारण एक डिस्क केव्हाच बंद पडलेली असूनही कोणाच्या लक्षात न येणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे. पुनर्बांधणी सुरू करण्यापूर्वी ज्या फायलींची दुसरी प्रत नाही, त्या आधी उतरवून घ्याव्यात.

वीजपुरवठ्याचाही येथे विचार करावा लागतो. लेखन सुरू असताना वीज गेल्यास माहिती आणि तिचा ताळा यांचा मेळ राहत नाही. वीज वारंवार खंडित होणाऱ्या भागांत यूपीएसशिवाय रेड पेटी चालवू नये. वीज गेल्याचे समजताच पेटी स्वतःहून व्यवस्थित बंद होईल, अशा रीतीने यूपीएस तिला जोडावा. उन्हाळ्यात बंद कपाटात पेटी ठेवणे टाळावे आणि तिच्या पंख्यावरील धूळ वेळोवेळी काढावी.

रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे

आता पुन्हा १९९८ च्या त्या घटनेकडे वळू. फायली पुसण्याची आज्ञा मिळाली की रेड रचना ती तत्परतेने आणि सर्व डिस्कवर एकाच वेळी पाळते. चुकीच्या फायलीवर केलेले लेखन, खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारे विषाणू, चोरी, आग, पुराचे पाणी किंवा खुद्द नियंत्रकाचा बिघाड यांपैकी कशापासूनही ती संरक्षण देत नाही. एक डिस्क बंद पडली तरी आजचे काम आज पूर्ण व्हावे, एवढेच तिचे प्रयोजन आहे.

चित्रणाच्या रक्षणासाठी ‘तीन-दोन-एक’ हा नियम सर्वमान्य झाला असून अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी तो लोकप्रिय केला. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत वेगळ्या पत्त्यावर असावी, असा हा नियम आहे. गेलिन सस्मन यांच्या घरची प्रत नियमाचे नाव न घेता तिसऱ्या अटीची पूर्तता करीत होती.

वेगळ्या पत्त्यावरील प्रतीसाठी तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग स्वतंत्र हार्ड डिस्कचा. प्रत पूर्ण झाल्यावर ती संगणकापासून सोडवून नातेवाइकांच्या किंवा सहकाऱ्याच्या घरी ठेवता येते. दुसरा क्लाउड सेवेचा. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने १० टेराबाइट चित्रण वर चढवण्यास अखंड सव्वानऊ दिवस लागतात. म्हणून प्रकल्पाच्या फायली आणि तयार कार्यक्रम यांच्यासाठी ही सोय उत्तम असली, तरी संपूर्ण मूळ चित्रणासाठी ती सर्वांना परवडेलच असे नाही. तिसरा मार्ग एलटीओ चुंबकीय फितीचा. २०२१ मध्ये आलेल्या या फितीच्या नवव्या पिढीत एका फितीवर १८ टेराबाइट मावतात आणि कपाटात ठेवण्यासाठी हे साधन सर्वांत टिकाऊ मानले जाते. फिती स्वस्त, पण त्या वाचणारे यंत्र महाग असल्याने हा मार्ग प्रामुख्याने संस्थांना सोयीचा आहे. नव्या पिढीचे यंत्र फार जुन्या फिती वाचत नसल्याने काही वर्षांनी चित्रण नव्या फितींवर उतरवावे लागते.

प्रत घेतली, एवढ्यावर समाधान मानू नये. चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्याच्या कार्डावरील चित्रण दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवावे. ते उतरवताना मूळ आणि प्रत यांची बिटागणिक पडताळणी करणारे साधन वापरावे आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्यावरच कार्ड पुसावे. दर तीन-चार महिन्यांनी राखीव प्रतीतून एखादी फाईल प्रत्यक्ष परत मिळवून, उघडून पाहावी. पिक्सारमधील राखीव व्यवस्था कागदावर उत्तम होती. ती तपासली जात नव्हती, इतकेच.

खर्चाचा क्रम

मर्यादित पैशांत सुरुवात करणाऱ्यांनी खर्चाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. सर्वप्रथम दोन मोठ्या, सीएमआर पद्धतीच्या स्वतंत्र डिस्क घ्याव्यात. मूळ चित्रण दोन्हींवर उतरवून एक डिस्क दुसऱ्या पत्त्यावर ठेवावी. त्यानंतर सध्याच्या कामापुरती एक एसएसडी घ्यावी आणि हलक्या प्रतींवर संकलन करावे. अशा रीतीने रेड न घेताही संपूर्ण माहितीपट सुरक्षितपणे पूर्ण करता येतो. काम वाढले, एकाहून अधिक संकलक झाले किंवा ठरल्या तारखेला कार्यक्रम देण्याचे बंधन आले, म्हणजे यूपीएससह रेड ५ अथवा रेड ६ ची पेटी घ्यावी. आधी रेड आणि पैसे उरले तर राखीव प्रत, हा उलटा क्रम मात्र कटाक्षाने टाळावा.

एकाच जागी ठेवलेल्या ठेव्याचे काय होते, याचा अनुभव मराठी रसिकांना नवा नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेच्या आवारातील साठवणगृहाला आग लागली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील अत्यंत ज्वलनशील अशा जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा तीत नष्ट झाला. त्यात प्रभातच्या काळातील मौलिक ठेव्याचाही समावेश होता. त्यापूर्वी ज्या चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फितीवर उतरवून अन्यत्र ठेवण्यात आल्या होत्या, ते चित्रपट आजही पाहता येतात. फितीची जागा आता डिस्कने घेतली आहे. चित्रण टिकते ते त्याच्या दुसऱ्या प्रतीमुळेच, ही गोष्ट मात्र बदललेली नाही.